कडी बाहेरून

यंदाच्या जुलै महिन्यात माझ्या वर्गात एक नवा विद्यार्थी येऊन बसला. त्याचे वय अडीच वर्षे होते. वर्ग द्वितीय वर्षाचा, विषय मराठी व्याकरण, आणि पाठ चालला होता प्रयोगाचा. कर्तरी आणि कर्मणी संपवून मी भावे प्रयोगाकडे वळते न वळते तोच शेवटच्या बाकावरून 'शू' असा अगदी स्पष्ट उच्चार ऐकू आला. वर्ग हसला. एक मुलगी झटकन उठली, त्या विद्यार्थ्याला काखोटीला मारून बाहेर धावली आणि पाच मिनिटांनी दोघेही ओल्या पायांनी परत आली. भावे प्रयोग त्या दिवशी तसाच राहिला.

तास संपल्यावर मी तिला थांबवले. आमच्याकडे हजेरीचा नियम पंचाहत्तर टक्क्यांचा आहे, आणि ही मुलगी जूनपासून निम्म्या तासांना नव्हती. रागवायचेच असे ठरवून मी सुरुवात केली.

"हा कोण?"

"भाऊ आहे, मॅडम. घरी ठेवायला कोणी नाही."

"आई?"

"आई कांडीवर जाते. सकाळी आठला निघते."

"मग आजवर कोण सांभाळत होतं?"

"गल्लीत मावशींचं पाळणाघर होतं. ते बंद झालं."

"का?"

"तपासणी झाली ना."

पूर आला, साथ आली, म्हणून माणसे गाव सोडतात. तसे ती हे म्हणाली. तपासणी झाली आणि पाळणाघर गेले. माझा राग जागच्या जागी विरला, कारण पाळणाघराच्या तपासणीशी माझे स्वतःचे एक जुने देणे आहे. ते कोणाला सांगितलेले नाही. दिवाळी अंकाच्या निमित्ताने सांगून टाकते.

ज्यांनी भिवंडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. धामणकर नाका हे आमच्या गावाचे एक मोठे नाके. एका अंगाला पद्मानगर, जिथे तेलुगू विणकरांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या. दुसऱ्या अंगाला नारपोली. थोडे पुढे गेले की कामतघर आणि वऱ्हाळादेवीचे तळे. आता डोक्यावर मेट्रोचे खांब आले आहेत, खाली रिक्षा, हातगाड्या आणि ताग्यांनी भरलेले टेम्पो यांची रोजची ओढाताण. या सगळ्या गोंगाटाच्या खाली एक दुसरा आवाज अखंड चालू असतो, तो यंत्रमागांचा. बाहेरून आलेल्या माणसाला त्याने डोके दुखते. आम्हांला तो थांबला की जाग येते. मागावर बहुतेक पुरुष असतात. कांड्या भरायला, कापड तपासायला, घडी घालायला बायका. अलीकडे पुष्कळ बायका तालुक्यातल्या गोदामांत खोकी भरायला जातात. या बायकांची मुले दिवसभर कुठे असतात, हा प्रश्न गावात शिरलेल्या पाहुण्याला पडत नाही. गावकऱ्यांनाही फारसा पडत नाही.

मला तो पडला 2012 साली, म्हणजे माझ्यावर पाळी आली तेव्हा. माझी मुलगी आज अकरावीत आहे. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. सासूबाई आजारी, यजमानांची नोकरी ठाण्याला, माझी इथे. नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका मागांच्या कारखान्यावरच्या पहिल्या मजल्यावर, पाळणाघर होते. मी ते पाहायला गेले. 'पाहायला' हा शब्द मुद्दाम वापरते, कारण मी काय पाहिले ते आज मला पाठ आहे. फरशी लख्ख होती. मुलांच्या नखांत मळ नव्हता. भिंतीवर ससा आणि कासव रंगवलेले होते. चालवणाऱ्या मावशी तोंडाने गोड आणि मनाने त्याहून गोड होत्या. आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत, देवाच्या तसबिरीशेजारी, शिक्क्याचा एक कागद होता. परवाना! मी समाधानाने मान डोलावली.

निघताना मावशींनी मला एक गोष्ट कौतुकाने दाखवली. दाराला बाहेरून कडी होती. "मी खाली दुधाला गेले तर बाहेरून कडी घालते, ताई. म्हणजे एकही पोर जिन्याकडे जायचं नाही." मला ते इतके आवडले की घरी जाऊन मी यजमानांना आधी तेच सांगितले. बाई जबाबदार आहेत, कडी घालून जातात.

जुलैतलाच दिवस होता. पाऊस कोसळत होता, रस्त्यांवर पाणी भरू लागले म्हणून कॉलेज लवकर सोडले. एकच्या सुमारास मी गुडघाभर पाण्यातून त्या गल्लीत शिरले. गल्ली गप्प होती. वीज गेली असावी असे वाटले. कारखान्याच्या दारातून धूर येत होता. फार नाही, चूल पेटताना येतो तितका. एका मागाची मोटर जळली होती, सुताने पेट घेतला होता आणि चार-सहा कामगार वाळूच्या बादल्या घेऊन धावत होते. मी जिना चढले तेव्हा तो धूर माझ्याबरोबर चढत होता. दाराला कडी होती, बाहेरून. आत अकरा मुले, आणि मावशी दुधाला जाऊन पलीकडच्या चौकात पाण्यात अडकलेल्या.

मी कडी काढली. काही झाले नव्हते. काहीच झाले नाही. आग विझली, मावशी आल्या, रडल्या, मुलांना दूध मिळाले. माझी मुलगी खिडकीखाली बसून दुसऱ्या एका मुलाला बिस्किटाचा तुकडा भरवत होती. तिला काही कळलेही नव्हते. तरी त्या कडीचा थंडगार स्पर्श माझ्या उजव्या हाताच्या बोटांना अजून आठवतो.

वाचक विचारतील, मग तुम्ही काय केलेत? तक्रार केलीत? नाही. मावशींना म्हटले, "जपा हं जरा." घरी कोणाला सांगितले नाही. आणि सोमवारी मुलीला परत तिथेच सोडून आले. कारण सोमवारी माझी परीक्षेची ड्यूटी होती. कारण तक्रार केली आणि पाळणाघर बंद पडले, तर अकरा आया मला शिव्या देतील, आणि त्यांतली पहिली मीच असेन. त्या दिवशी मी भिंतीवरचा कागदही वाचला. आयुष्य शब्दार्थ लावण्यात घालवणाऱ्या बाईने तो चार महिन्यांनी वाचला! दुकाने आणि आस्थापना यांच्या नोंदणीचा दाखला होता तो. कापडाच्या दुकानात असतो, सलूनमध्ये असतो, तोच. मुलांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. कारखाना निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मला प्राध्यापकबाई म्हणतात, त्यात थोडी थट्टा असते. माझ्या विद्यार्थिनीची हकिगत त्यांना सांगताना ती जुनी कडीही माझ्या तोंडून बाहेर पडली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही आईच्या डोळ्यांनी पाहिलंत. आईला फरशी दिसते. निरीक्षकाला आधी दार दिसलं पाहिजे."

मग त्यांनी मला तपासणी कशी करतात ते समजावून सांगितले. अशा विषयात इतका रस भरलेला असेल, असे मला वाटले नव्हते. पाळणाघरात शिरायच्या आधी ते म्हणे बाहेरची वाळत घालायची दोरी पाहत. दोरीवर दुपटी, लंगोट नसतील तर आत मुले नसतात, पाळणे साहेबांसाठी मांडलेले असतात. एका ठिकाणी बारा पाळणे होते, बाराही पाळण्यांत कोरी चादर, आणि एकाही चादरीवर डाग नाही. "डाग नसलेला पाळणा मी आयुष्यात मान्य केला नाही," काका म्हणाले. मग दार: आत उघडते की बाहेर, कडी कुठे, आणि आतून किती उंचीवर. मग मुले स्वतः मोजायची, आणि त्यानंतरच हजेरीपट मागायचा. आधी हजेरीपट पाहिला तर डोळे तितकीच मुले मोजतात. मग खाली जमिनीवर बसायचे. उभ्या माणसाला विजेचे सॉकेट गुडघ्याशी दिसते, मुलाला ते तोंडासमोर असते. पाण्याच्या माठाला दांड्याचे ओगराळे आहे की मुले पेले बुडवतात. फिनेलची बाटली कुठल्या फळीवर आहे. आणि औषधाच्या बाटलीवर मुलाचे नाव आहे की नाही. शेवटी एकच प्रश्न, तोही सहज गप्पा मारताना विचारायचा: "बाई, तुम्ही स्वतः न्हाणीघरात जाता तेव्हा मुलांपाशी कोण असतं?"

औषधाच्या बाटलीवर मी अडखळले. काका म्हणाले, "त्याला इतिहास आहे. तुमच्या लायब्ररीत शोधा."

शोधले. मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रिया हजारोंनी कामाला होत्या, त्या काळची गोष्ट. सरकारने नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरने, डॉ. बार्न्स यांनी, गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी केली आणि 1922 साली सरकारी मजूर गॅझेटात नोंद आली की या कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. बाळगोळी! आई गिरणीत असेपर्यंत मूल झोपून राहावे म्हणून. माझ्या मनात आले, ही बाहेरून घातलेलीच कडी. दाराला लावायच्या ऐवजी मुलाच्या पोटात लावलेली. त्या आया क्रूर नव्हत्या. त्यांच्या घरात दुसरे माणूस नव्हते, एवढेच. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले, आणि 1929 साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. त्यानंतर 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि स्वतंत्र भारताने 1948 साली ती खोली सक्तीची केली. (1948 चा कायदा, त्याचे 48 वे कलम, पाठांतराला सोपे.) 1976 साली पन्नासाचे तीस झाले.

पाळणाघर हा आपला शब्द किती सुरेख आहे, याचा मला भाषेची शिक्षिका म्हणून अभिमान वाटतो. ज्याला इंग्रजीत 'क्रेश' म्हणतात तो मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ गव्हाण. 1844 साली पॅरिसमध्ये मार्बो नावाच्या गृहस्थाने कष्टकरी आयांच्या मुलांसाठी पहिली 'गव्हाण' काढली. आपण गव्हाणीचा पाळणा केला आणि त्याला घर जोडले. पण हे घर कुठे बांधायचे ते कायद्याने बायकांची डोकी मोजून ठरवले. मुले मोजून ठरवले नाही, आणि आमच्या भिवंडीची खरी गोम इथेच आहे.

महाराष्ट्राच्या 1963 च्या कारखाना नियमांत पाळणाघराविषयी जे लिहिले होते ते वाचताना मला भरून आले. प्रत्येक मुलामागे वीस चौरस फूट जागा. छत बारा फूट उंच. प्रत्येक मुलाला पाळणा किंवा खाट आणि अंथरूण. पाजणाऱ्या आईला बसायला खुर्ची. मोठ्या मुलांना खेळणी. सावलीचे, कुंपण घातलेले अंगण. आणि शक्यतो जिथे धूर, धूळ, घाण वास किंवा फार गोंगाट असेल त्याच्या जवळ हे पाळणाघर असू नये! कोणा अनाम माणसाने लिहिताना खरेच एखादे मूल डोळ्यांसमोर ठेवले असावे. परंतु हे सारे ज्या कारखान्यात तीसांहून अधिक स्त्रिया त्याला लागू. आमच्या गल्लीत एका छपराखाली आठ माग, भिंतीपलीकडे दुसऱ्या नावाने आठ, त्यापलीकडे तिसऱ्या नावाने सहा. कुठे दोन बायका, कुठे चार. सगळ्या गल्लीतल्या मोजल्या तर तीसांवर सहज जातील. एका छपराखाली कधीच जात नाहीत.

आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या. त्यांत एक गोष्ट मला मनापासून आवडली. पाळणाघरासाठी आता नुसत्या बायका मोजायच्या नाहीत, पन्नासांहून अधिक कामगार मोजायचे, मग ते पुरुष का असेनात. मुलाला बापही असतो हे कायद्याच्या लक्षात आले म्हणायचे! अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवावे, अशीही सोय त्यात आहे. पण पन्नासांच्या आतल्यांवर सक्ती नाही, आणि यंत्रशक्तीवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला 1948 च्या कायद्यात दहा माणसे लागत, ती आता वीस लागतात. निरीक्षकाचे नावही बदलले. इंग्रजीत तो 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झाला. काकांना मी विचारले, याचे मराठी काय करावे? ते म्हणाले, "तपासनीस आणि मदतनीस. काम तेच आहे. आम्ही नाव न बदलताही करत होतो, काही जण तरी."

काकांचा भर नेहमी या 'काही जण' वर असतो. तपासणी झाली म्हणजे मुले सुरक्षित झाली, असे ते मानत नाहीत. त्यांनीच मला मेक्सिकोतल्या एर्मोसियो गावाची हकिगत सांगितली. ती मी नंतर शोधून वाचली, आणि दोन रात्री नीट झोपले नाही. तिथले पाळणाघर काही चोरून चालवलेले नव्हते. सरकारी सामाजिक विमा संस्थेशी त्याचा रीतसर करार होता. इमारत मूळची गोदामाची. एका भागात मुले आणि भिंतीपलीकडे राज्य सरकारच्या कागदपत्रांचे कोठार. 5 जून 2009 रोजी दुपारी, मुले झोपली असताना, कोठारात आग लागली आणि वरच्या वर छतातून पाळणाघरात उतरली. संकटकाळचे दार होते, पण ते वेळेला उपयोगी पडले नाही. एका माणसाने आपली गाडी भिंतीवर घालून भिंत फोडली आणि त्या भगदाडातून मुले काढली गेली. एकोणपन्नास मुले दगावली. थोड्याच दिवसांपूर्वी त्या पाळणाघराची सुरक्षा-तपासणी होऊन ते उत्तीर्ण झाले होते. पुढे 2011 साली त्या देशाने पाळणाघरांचा स्वतंत्र कायदा केला. लोक त्याला '5 जूनचा कायदा' म्हणतात.

इतके दूर कशाला? 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि चौऱ्याण्णव मुले गेली. आणि त्याहून जवळ, आमच्या नाक्यालगत, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पस्तीसांहून अधिक माणसे मेली. त्यांत कितीतरी लहान मुले होती. ते पाळणाघर नव्हते, मुलांचे स्वतःचे घर होते. मी त्या बाजूने रोज जाते. भिंत पाहायची सवय मला तेव्हापासून लागली. दार पाहायची सवय काकांनी लावली.

आपल्याकडे मात्र पाळणाघराची चर्चा होते ती बहुतेक कॅमेऱ्याची. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरला एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण होताना कॅमेऱ्यात दिसली, आणि तेव्हापासून जो तो विचारतो, "कॅमेरा आहे ना?" असावा. पण धूर चढत असताना कॅमेरा कडी काढत नाही.

असो. एका शुक्रवारी मागांना सुट्टी होती, तेव्हा काकांना घेऊन मी त्या विद्यार्थिनीच्या गल्लीत गेले. आवाज बंद असल्यामुळे गल्ली परकी वाटत होती. पाळणाघर चालवणाऱ्या या मावशी माझ्या 2012 च्या मावशी नव्हेत, पण जात तीच: पन्नाशीच्या, विधवा, हात सतत कामात. आम्हांला पाहून त्यांनी आधी हात जोडले. "साहेब, आता काही नाही ठेवलं इथं. पोरं नाहीत. बघा हवं तर." काकांच्या चेहऱ्यावरून अजून साहेबपण गेलेले नाही, हे त्यांना स्वतःलाही त्या दिवशी कळले असावे.

मावशींनी ट्रंकेतून कागद काढून दिला. कोणाच्या तरी तक्रारीवरून कुठल्याशा कचेरीतून आलेला. काकांनी तो माझ्याकडे दिला. "वाचा, प्राध्यापकबाई." एकच वाक्य होते: "सदर जागा लहान मुलांसाठी असुरक्षित असल्याने तात्काळ बंद करण्यात यावी." मी वीस वर्षे प्रयोग शिकवते आहे. 'बंद करण्यात यावी': जागा आहे, क्रिया आहे, कर्ता नाही. कशामुळे असुरक्षित ते नाही. काय केले म्हणजे सुरक्षित होईल ते नाही. आणि मुलांनी उद्यापासून कुठे असावे, तेही नाही. चौदा मुले होती. दोन आता आईबरोबर कारखान्यात जाऊन सुताच्या गोण्यांमागे झोपतात. एकाला सात वर्षांची बहीण सांभाळते. तिची शाळा बुडाली. एक आपल्या आजीबरोबर गावी गेला. बाकीच्यांचे मावशींना ठाऊक नव्हते. माझ्या विद्यार्थिनीच्या भावाने व्याकरण घेतले आहे, हे मला ठाऊक होते.

मला इथे कोसबाडची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हा तो आमच्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता, 2014 पासून पालघरचा. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. आणि पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्याला 'विकासवाडी' नाव दिले. कडेवरचे मूल उतरवले तरच मुलगी पाटी धरेल, इतके साधे गणित. सत्तर वर्षांनी माझ्या वर्गात तेच गणित शेवटच्या बाकावर बसलेले असते.

काका खोलीत शिरले नाहीत. आधी दोरी पाहिली, मग दार पाहिले. कडी बाहेरून होती. मी मान फिरवली. मग ते आत जमिनीवर बसले, मावशींना संकोच वाटला, पण बसले. गॅसची टाकी खोलीतच, पडद्याआड. सॉकेट तीन, एक उघडे. खिडकीला गज, उघडता न येणारे. हे सारे त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतले आणि प्रत्येकापुढे उपाय लिहायला लावला: टाकी बाहेर, गच्चीच्या कोपऱ्यात, जाळीच्या पेटीत. सॉकेटला झाकण. एका खिडकीचे गज बिजागरीवर, आतून उघडणारे. बाहेरची कडी उखडून आत, मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच. मुले जिन्याकडे जाऊ नयेत म्हणून जिन्याच्या तोंडाशी कमरेइतके लाकडी फाटक. मावशी दुधाला जातात तेव्हा दुसरी बाई हवी. ती ठेवायची तर पैसे कुठून? तिथे आमची वही थांबली.

मग काकांनी टेप काढला. दहा फूट, बारा फूट. "एकशेवीस. वीसने भागा."

"सहा," मी म्हटले.

मावशींनी आमच्याकडे पाहिले. "सहा काय?"

"सहा मुलं," काका म्हणाले. "नियमाने या खोलीत सहा मुलं."

"आणि बाकीची आठ?"

काका चाळीस वर्षे या प्रश्नाला उत्तर न देता कागद लिहीत आले असणार. त्या दिवशीही त्यांना उत्तर सुचले नाही. त्यांनी टेप गुंडाळला, परत उलगडला, आणि उगाच खिडकी मोजली.

पुढचे दोन महिने कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. त्यात फेऱ्याच जास्त आहेत. त्या गल्लीतल्या पाच कारखानदारांकडे आम्ही दोघे गेलो. एकाने चहा दिला, एकाने तोही दिला नाही. एकाने विचारले, "आमच्याकडे चारच बायका, आम्हांला हा कायदा लागतो का?" काका म्हणाले, "लागत नाही." तो म्हणाला, "मग?" पण चौथ्याने, ज्याची आई स्वतः कांड्या भरत असे, मावशींच्या खोलीला लागून असलेली सुताची खोली रिकामी करून दिली, भाडे घेतो, पण कमी घेतो. पाचव्याने आणि त्याने मिळून दुसऱ्या बाईच्या पगारातला अर्धा वाटा उचलला आहे, दिवाळीपर्यंत, पुढचे पुढे. उरलेला अर्धा आया देतात. त्या कचेरीत अर्ज गेला, दुसरे साहेब आले. हे साहेब जमिनीवर बसले नाहीत, पण दार त्यांनी उघडून पाहिले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाळणाघर पुन्हा सुरू झाले.

कडी बसवायला सुतार आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. जुनी कडी त्याने उपटून माझ्या हातात दिली, "ठेवू का टाकू?" म्हणून. मी ती घरी आणली आहे. मुलीने विचारले, हे काय? तिला अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी आला की कळेल.

नवी खोली दहा बाय दहाची. शंभर भागिले वीस, पाच. सहा आणि पाच, अकरा. चौदांतली तीन मुले बसत नव्हती. कोणती तीन, हे मावशींनी आयांना बसवून ठरवले. ज्यांच्या घरात दुसरे कोणीच नाही त्यांना आधी घेतले. माझ्या विद्यार्थिनीच्या भावाला घेतले नाही. "त्याला बहीण आहे ना," सगळ्या म्हणाल्या, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता आले नाही.

त्यामुळे तो अजून आमच्याकडेच आहे. शेवटच्या बाकावर बसतो, खडू खातो, आणि आता 'शू' वेळेवर सांगतो. गेल्या आठवड्यात मी हजेरी घेत होते. त्याच्या बहिणीचा क्रमांक पुकारला, तर ती वहीत डोके घालून बसली होती, तिने ऐकलेच नाही. मागून आवाज आला, "हजर!"

मी खूण केली आणि पुढचा क्रमांक पुकारला.